निदानाचा कोड आठवणीतून लिहायचा नसतो

रुग्ण बरा होऊन घरी जातो तेव्हा त्याच्या हाती डिस्चार्ज कार्ड असते, औषधांची चिठ्ठी असते आणि बिल असते. केस पेपर मात्र मागे राहतो. वॉर्डातून तो मेडिकल रेकॉर्ड विभागात जातो. हा विभाग बहुधा तळघरात, जिन्याखाली किंवा जुन्या इमारतीच्या मागच्या बाजूला असतो. नातेवाइकांवर तिथे जाण्याची वेळ येते ती विम्यासाठी कागदांच्या प्रती हव्या असल्या तरच. तिथला कर्मचारी केस पेपरवरचे निदान वाचतो आणि त्यापुढे एक इंग्रजी अक्षर व दोन-तीन आकडे लिहितो. टाइप दोनचा मधुमेह असेल तर ई ११, हृदयविकाराचा तीव्र झटका असेल तर आय २१. हाच आयसीडी कोड. डॉक्टरांची बदली होते, केस पेपर ठरावीक वर्षांनी नष्ट केला जातो, कोड तेवढा उरतो. जिल्ह्यात कोणत्या आजाराचे किती रुग्ण दाखल झाले, माणसे कशाने दगावली, पुढच्या वर्षी डायलिसिसची यंत्रे कुठे लागतील, या प्रश्नांची उत्तरे शेवटी या कोडांच्या बेरजेतून शोधायची असतात.

आणि बेरजेतला प्रत्येक कोड कुणीतरी एका टेबलावर, घाईत, पुष्कळदा आठवणीतून लिहिलेला असतो.

वरकरणी यात वावगे काही वाटत नाही. दिवसभर केस पेपरांचा ढीग उपसणाऱ्याला नेहमीचे कोड पाठ होणारच. पण आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीत सुमारे १४ हजार कोड आहेत आणि ते पाठ करण्यासाठी केलेलेच नाहीत. त्यासाठी तीन जाडजूड खंड आहेत. पहिल्या खंडात सगळे आजार प्रकरणांनुसार, कोडच्या क्रमाने मांडलेले आहेत. तिसरा खंड म्हणजे वर्णानुक्रमे सूची. मधला, दुसरा खंड म्हणजे ही दोन पुस्तके कशी वापरायची याचे नियम. ज्या रुग्णालयांत हे खंड आहेत तिथे एक गंमत पाहायला मिळते. सूचीचा खंड हाताळून मळलेला असतो, पहिल्याची काही पाने सुटायला आलेली असतात आणि दुसरा मात्र छापखान्यातून कालच आल्यासारखा कोरा. पुष्कळ ठिकाणी तर तिन्ही खंड नसतात. टेबलाच्या काचेखाली एक कागद सरकवलेला असतो, त्यावर नेहमीच्या आजारांचे नेहमीचे कोड. आधीच्या कर्मचाऱ्याने तो कागद केलेला असतो, नंतरचा तो जपतो. तो कागद काढून टाकला पाहिजे.

असे का, हे कळण्यासाठी कोड शोधायची रीत पाहावी लागेल. समजा, निदान आहे मांडीच्या हाडाच्या मानेचे फ्रॅक्चर. नवखा माणूस सूचीत आधी हाडाचे नाव शोधतो. सूची अवयवावर लागतच नाही, ती लागते विकारावर. तिथे ‘हार्ट’ या शब्दापुढे कोड नाही, फक्त ‘विकार पाहा’ अशी सूचना आहे. म्हणून आधी ‘फ्रॅक्चर’ हा मूळ शब्द, त्याखाली मांडीचे हाड, त्याखाली मान, मग एस ७२.०. इथवर बहुतेक जण पोचतात आणि कोड उतरवून मोकळे होतात. नियम मात्र सांगतो की काम अजून अर्धेच झाले आहे. सूचीत सापडलेला कोड घेऊन पहिल्या खंडात जायचे, त्या कोडखाली काय समाविष्ट आहे आणि मुख्य म्हणजे काय वगळले आहे ते वाचायचे. त्या गटाच्या आणि प्रकरणाच्या डोक्यावरच्या टिपाही वाचायच्या, आणि मगच कोड लिहायचा. सूची पत्ता सांगते. दारावरची पाटी वाचल्याशिवाय आत शिरायचे नाही, इतका साधा हा दंडक आहे.

दारावरची पाटी न वाचल्याने काय होते? मधुमेही रुग्णाचा पाय काळा पडला, गँगरीन झाले, पायाची बोटे कापावी लागली. महाराष्ट्रातल्या कोणत्याही सर्जरी वॉर्डात असा रुग्ण सापडतो. केस पेपरवर दोन ओळी असतात, ‘डायबेटिस’ आणि ‘गँगरीन फूट’. आठवणीतून काम करणारा दोन कोड लिहितो: प्रकार न सांगितलेल्या मधुमेहाचा ई १४.९ आणि गँगरीनचा आर ०२. दोन्ही कोड पुस्तकात आहेत, संगणकही ते विनातक्रार स्वीकारतो. पण पहिल्या खंडात आर ०२ उघडला तर त्याखाली स्पष्ट लिहिले आहे की मधुमेहातले गँगरीन इथे धरायचे नाही. ते मधुमेहाच्याच कोडमध्ये, चौथ्या स्थानी ५ लिहून दाखवायचे. म्हणजे टाइप दोनचा मधुमेह असेल तर ई ११.५. या एका आकड्यात ‘मधुमेहामुळे रक्तवाहिन्यांची गुंतागुंत’ हा सगळा अर्थ आहे. तो न लिहिल्याने वर्षअखेरीस अहवालात गुंतागुंत नसलेल्या मधुमेहाचे रुग्ण वाढलेले दिसतात आणि कारण न कळलेल्या गँगरीनचेही. मधुमेहाने किती पाय गेले, हा प्रश्न कुणी विचारला तर त्या रुग्णालयाचे रेकॉर्ड प्रामाणिकपणे उत्तर देईल, ‘एकही नाही’. मग पायांची नियमित तपासणी करणारा बाह्यरुग्ण विभाग हवा, असा प्रस्ताव आला तरी त्याच्या बाजूने मांडायला आकडा नसतो.

नवजात बाळाच्या काविळीची गत तीच. सवयीचा कोड आर १७, नुसती कावीळ. त्याखालच्या टिपेत नवजात बाळांची कावीळ वगळली आहे. ती पी ५९ आणि आसपासच्या कोडांमध्ये जाते. गर्भवतीचा रक्तक्षय नेहमीच्या रक्तक्षयाच्या प्रकरणात लिहिला की तो माता-आरोग्याच्या हिशेबातून निसटतो. त्याची जागा ओ ९९.० आहे. क्षयाने झालेल्या मेंदूज्वराला तर दोन कोड लागतात. खंजिराची खूण असलेला ए १७.० मूळ रोग सांगतो, ताऱ्याची खूण असलेला जी ०१ तो रोग शरीरात कुठे उमटला ते सांगतो. खंजिराचा कोड आधी, ताऱ्याचा मागाहून, आणि ताऱ्याचा कोड एकटा कधीच नाही. हे सारे दुसऱ्या खंडात आहे. कोऱ्या राहिलेल्या.

काही जण म्हणतील की आता पुस्तके कशाला, मोबाइलवर आजाराचे नाव टाकले की कोड पुढ्यात येतो. येतो खरा, पण कुठला? डेंगी हे याचे नमुनेदार उदाहरण. आंतरजालावर शोधल्यास बहुतेकदा ए ९० हा कोड सर्वांत वर दिसतो. तो अमेरिकेचा आहे. अमेरिकेने आयसीडी-१० मध्ये आपल्या गरजेनुसार भर घालून ७० हजारांच्या आसपास कोडांची स्वतंत्र आवृत्ती केली आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून ती वापरात आणली. त्यात डेंगी अजून ए ९० वरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडीत मात्र २०१६ च्या आवृत्तीपासून डेंगी ए ९७ वर गेला आणि त्याचे भागही बदलले: धोक्याची लक्षणे नसलेला, धोक्याची लक्षणे असलेला आणि गंभीर. डॉक्टर वॉर्डात रुग्णाची वर्गवारी याच तीन भागांत करतात. म्हणजे रुग्ण किती गंभीर होते हे कोडमधूनच कळण्याची सोय झाली आहे. अमेरिकी कोड लिहिला की ती सोय गेली. कपाटातले जुने छापील खंड उघडले तरी ती जाते, कारण त्यांतही ए ९० आणि ए ९१ च आहेत. तेव्हा पुस्तक पाहा एवढे सांगून भागत नाही. कुठले पुस्तक, कुठल्या वर्षाचे आणि कुठल्या देशाचे, हे रुग्णालयाने ठरवून लिहून ठेवायला हवे. एकाच शहरातल्या दोन रुग्णालयांनी एकाच पावसाळ्यात डेंगीसाठी दोन वेगळे कोड वापरले तर साथीचा आलेख काढणाऱ्याने कपाळाला हात लावण्यापलीकडे काय करावे?

या साऱ्यात डॉक्टरांकडे बोट दाखवणे सोपे आहे आणि काही अंशी रास्तही. ‘एमएस’ एवढी दोनच अक्षरे निदानाच्या रकान्यात असतील तर तो हृदयाच्या झडपेचा विकार, मायट्रल स्टेनोसिस, की मज्जासंस्थेचा मल्टिपल स्क्लेरोसिस? पहिल्याचा कोड आय ०५.०, दुसऱ्याचा जी ३५. हृदयरोगाच्या वॉर्डातला केस पेपर आहे म्हणून पहिलाच असेल, असा कयास कोडर बांधतो आणि बहुधा तो बरोबरही निघतो. पण कयास हे त्याचे काम नव्हे. हिमोग्लोबिन ६ आहे हे रिपोर्टमध्ये दिसत असले तरी डॉक्टरांनी रक्तक्षय लिहिलेला नसेल तर कोडरने तो स्वतःहून लिहायचा नसतो. निदान करण्याचा अधिकार त्याचा नाही. त्याने केस पेपर परत पाठवायचा असतो.

नेमकी हीच गोष्ट आपल्या रुग्णालयांच्या शिरस्त्यात बसत नाही. रेकॉर्ड विभागातला तंत्रज्ञ विभागप्रमुखांकडे केस पेपर परत पाठवतो आहे आणि ‘साहेब, निदान स्पष्ट नाही’ म्हणतो आहे, हे दृश्य किती ठिकाणी दिसेल? निवासी डॉक्टर छत्तीस तासांच्या ड्युटीवर असतो, त्याला हा प्रकार म्हणजे कारकुनी कटकट वाटते. ‘आम्ही रुग्ण वाचवायचे की नंबर शोधायचे?’ हा त्याचा सवाल चुकीचा नाही. फक्त नंबर शोधायला त्याला कुणी सांगितलेलेच नाही. त्याच्याकडून हवे आहेत ते शब्द: कोणता आजार, कोणत्या जागी, कशामुळे, तीव्र की जुनाट. त्या शब्दांचा कोड करणे हे दुसऱ्याचे काम आहे आणि ते काम शिकलेला माणूस रुग्णालयात असायला हवा.

दुसरा खंड या बाबतीत आश्चर्य वाटावे इतका व्यवहारी आहे. रुग्णालयात दाखल झालेल्याचा ‘मुख्य विकार’ कोणता, तर उपचारांच्या अखेरीस ज्याचे निदान झाले आणि ज्याच्यासाठी प्रामुख्याने उपचार किंवा तपासण्या कराव्या लागल्या तो. अखेरीस, हा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडे केस पेपरच्या पहिल्या पानावर दाखल करतानाची नोंद असते, ‘पोटात दुखणे’. आत चौथ्या पानावर शस्त्रक्रियेची टीप असते, अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरला होता. पहिले पान पाहून कोड लावला तर आर १०, सगळा केस पेपर वाचला तर के ३५. मुख्य विकार चुकीचा नोंदला आहे अशी शंका आली तर काय करायचे याचेही उत्तर तिथे आहे: आधी डॉक्टरांकडून खुलासा घ्या; तो मिळणे शक्यच नसेल तर पुढचे पाच नियम क्रमाने लावून पाहा. या पाच नियमांची गरज आपल्याकडे सर्वाधिक आणि ते वाचलेले सर्वांत कमी. रेकॉर्ड विभागाने परत पाठवलेला केस पेपर ४८ तासांत खुलाशासह परतलाच पाहिजे, असा एका ओळीचा आदेश अधिष्ठात्यांनी किंवा वैद्यकीय अधीक्षकांनी काढला तरी बराच फरक पडेल. त्यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही.

मृत्यूच्या दाखल्यात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून रुग्णालयांना मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र देणे बंधनकारक झाले. त्याची प्रत नातेवाइकांनाही द्यायची आहे. याची गरज होतीच. २०२० च्या देशपातळीवरील अहवालात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. गोवा त्या वर्षीही शंभर टक्क्यांवर होता, म्हणजे हे अशक्य नाही. पण प्रमाणपत्र भरले म्हणजे कारण कळले असे नव्हे. पहिल्या ओळीत ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहून खालच्या ओळी मोकळ्या सोडलेली प्रमाणपत्रे कोणत्याही कोडरच्या ओळखीची आहेत. हृदय आणि श्वास थांबणे म्हणजेच मृत्यू. ते त्याचे कारण कसे असेल? कोडरला हवी असते ती साखळी: जंतुसंसर्ग रक्तात पसरला, तो पायाच्या गँगरीनमुळे, ते मधुमेहामुळे. साखळीचे पहिले कडे, जिथून सगळे सुरू झाले, ते मृत्यूचे मूळ कारण आणि आकडेवारीत जाते ते तेच. साखळी उलटसुलट लिहिली असेल तर ती कशी लावून घ्यायची याचे नियम दुसऱ्या खंडात पानेच्या पाने दिले आहेत. कोविडच्या काळात यू ०७.१ म्हणजे चाचणीत विषाणू सापडलेला आणि यू ०७.२ म्हणजे न सापडलेला पण डॉक्टरांच्या मते कोविडच असलेला, हा फरक वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चेपर्यंत पोचला होता. एरवी हे नियम रेकॉर्ड विभागाबाहेर कुणाला ठाऊक नसतात, आणि आतही सगळ्यांना असतातच असे नाही.

विदर्भाला हा विषय आणखी एका बाजूने भिडतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयांत दाखल करावे लागले. त्याच रुग्णालयांत कीटकनाशक पिऊन जीव संपवू पाहणारेही येतात. विष एकच, वॉर्ड एकच, देण्यात येणारे अ‍ॅट्रोपिनही एकच. विषबाधेचा कोडही एकच: ऑरगॅनोफॉस्फेट असेल तर टी ६०.०. पण आयसीडीत इजा आणि विषबाधेला दुसरा, बाह्य कारणाचा कोड जोडावा लागतो. सूचीच्या खंडात रसायनांचा एक भलामोठा तक्ता आहे. त्यात प्रत्येक रसायनापुढे रकाने आहेत: अपघात, स्वतःहून केलेली इजा, हेतू निश्चित न झालेला. कीटकनाशकांसाठी हे अनुक्रमे एक्स ४८, एक्स ६८ आणि वाय १८. कोणत्या रकान्यात बोट ठेवायचे हे केस पेपरवरच्या एका वाक्यावर ठरते आणि ते वाक्य कित्येकदा फक्त ‘पॉयझनिंग’ एवढेच असते.

इथे आठवणीतून लिहिलेला कोड सर्वांत जास्त नुकसान करतो. विषबाधा म्हटले की आत्महत्येचा प्रयत्न, ही सवय लागली की फवारणी करणारा मजूर चुकीच्या रकान्यात जातो. उलट बदनामी नको म्हणून सगळेच अपघातात घातले की आत्महत्यांचा आकडा विरघळतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. एकीकडे मास्क, हातमोजे, पंपाची गळती, मिश्रणाचे प्रमाण, दुकानदाराने दिलेला सल्ला. दुसरीकडे कर्ज, मानसिक आरोग्य आणि घातक कीटकनाशकांच्या विक्रीवर निर्बंध. कोड सरमिसळ झाले तर दोन्हींसाठी पैसा मागणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

पहिल्या खंडातली आणखी एक सोय तर जणू यवतमाळसाठीच केल्यासारखी आहे. बाह्य कारणाच्या कोडला घटनेची जागा दाखवणारा आकडा जोडता येतो. शेतासाठी तो ७ आहे. त्यापुढे त्या वेळी माणूस काय करत होता तेही दाखवता येते. मोबदल्यासाठी काम करत असेल तर २. म्हणजे एक्स ४८.७ आणि त्यासोबत २ एवढे लिहिले की ‘कीटकनाशकाची अपघाती विषबाधा, शेतात, मजुरीवर असताना’ हे वाक्य तयार झाले. नेहमीच्या सवयीने एक्स ४८.९ लिहिले की उरते ‘कुठेतरी, काहीतरी करताना’. दोन आकड्यांचा फरक, आणि तो भरण्यासाठी रुग्णाला किंवा सोबत आलेल्याला विचारायचा प्रश्नही साधाच: फवारणी कुणाच्या शेतात, रोजाने होता का?

शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. कीटकनाशके हाताळताना झालेली विषबाधा त्यात धरली जाते, आत्महत्या नाही. अनुदानाचा निर्णय कोडवर होत नाही हे खरे. त्यासाठी पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. पण दाखल करताना केस पेपरवर घाईने लिहिलेला ‘विष प्राशन’ हा शब्द त्या कागदांमधून पुढे पुढे सरकत जातो आणि मग विधवा बाईला तो खोडून काढण्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. दाखल झाल्यानंतर दोन-चार दिवसांत केस पेपर वाचून ‘हेतू स्पष्ट करा’ अशी चिठ्ठी लावणारा कोडर असेल तर चूक तिथेच सापडते.

अशी माणसे आपल्याकडे नाहीत असे मात्र कुणी म्हणू नये. पुणे, नवी मुंबई, नागपूर इथल्या कार्यालयांत हजारो तरुण-तरुणी वैद्यकीय कोडिंग करतात. बीएस्सी, बीफार्म, फिजिओथेरपी झालेली ही मुले रोज अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदी वाचतात. त्यांच्यापुढे चालू वर्षाची नियमावली असते. ती दर १ ऑक्टोबरला बदलते आणि बदल शिकावे लागतात. काम तपासणारे वेगळे लेखापरीक्षक असतात आणि साधारणपणे ९५ टक्के अचूकतेची अट असते. टेक्सासमधल्या कुणाच्या डाव्या पायाच्या कोणत्या बोटाला जखम आहे आणि तो पहिल्यांदा आला आहे की पुन्हा, हे सात अक्षरी कोडमध्ये इथे बसून बिनचूक लिहिले जाते. त्याच शहरातल्या सार्वजनिक रुग्णालयात मधुमेहाने पाय गेलेला रुग्ण ई १४.९ होऊन घरी जातो. कौशल्य आहे, पुस्तके आहेत, शिस्तही आहे; फक्त ती आपल्या रुग्णांच्या वाट्याला आलेली नाही.

यामागे पैसा आहे, हे उघड आहे. अमेरिकेत १९८३ पासून मेडिकेअर रुग्णालयांना निदानाच्या गटानुसार पैसे देते, त्यामुळे कोड चुकला की बिल चुकते. त्याचे दुष्परिणामही तिथे दिसले. आजार आहे त्याहून गंभीर दाखवणारे कोड लावून जादा पैसे उकळण्याचे प्रकार झाले, खटले झाले. आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत यांत पैसे मिळतात ते उपचारांच्या पॅकेजवर. विमा कंपन्यांच्या दाव्याच्या अर्जात रुग्णालयाने भरायच्या भागात आयसीडी-१० चा रकाना असतो, पण तो कसाबसा भरला तरी चालून जाते. कोडला किंमत नाही म्हणून काळजीही नाही. मात्र विम्याचे व्यवहार झपाट्याने डिजिटल होत आहेत आणि उद्या देयक कोडशी बांधले जाणारच. पुस्तक उघडण्याची आणि खुलासा मागण्याची सवय त्याआधी लागली नसेल तर आज आळसाने चुकणारे कोड उद्या हिशेबाने चुकू लागतील. आजच्या चुका निदान निष्पाप तरी आहेत.

आयसीडी-११ येते आहे, मग जुन्या पुस्तकांचा एवढा सोस कशाला, असेही ऐकू येते. ती २०१९ मध्ये मंजूर झाली, १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि मुळातूनच संगणकासाठी बांधलेली आहे. ओ आणि आय ही अक्षरे शून्य आणि एक यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून तिच्या कोडांतून वगळली आहेत, इतका बारकाईने विचार त्यात झाला आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीतल्या निदानांसाठीचा भागही जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत सादर झाला. पण शोधचौकटीत शब्द टाकल्यावर आलेला पहिला पर्याय बरोबर असतोच असे नाही, आणि तो तपासण्याचे नियम आयसीडी-११ च्या मार्गदर्शिकेतही आहेतच. काचेखालचा कागद जाऊन त्याजागी शोधचौकट आली, एवढाच बदल व्हायचा नसेल तर आज आयसीडी-१० नीट वापरणारी माणसे तयार करावी लागतील. त्यासाठी रेकॉर्ड विभागातली तंत्रज्ञांची पदे भरावी लागतील, तिथे शिक्षा म्हणून बदल्या करणे थांबवावे लागेल आणि निवासी डॉक्टरांच्या पहिल्याच महिन्यात दोन तास या विषयाला द्यावे लागतील. पुस्तकांच्या खर्चाची सबब तर चालण्यासारखीच नाही. आयसीडी-१० ची अद्ययावत सूची जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. दुसरा खंड तिथून फुकट उतरवून घेता येतो. तो छापून, स्पायरल बाइंडिंग करून टेबलावर ठेवायला काही शे रुपये लागतील.